धातूची झडप बसवण्याआधी घरात काय ठरवावे

तासगाव तालुक्यातील एका वाचकाने आपल्या बहिणीबद्दल सविस्तर लिहून विचारले आहे. तिचे वय २९ असून तिला चार वर्षांची एक मुलगी आहे. गेल्या वर्षभरात तिला चढण चढताना धाप लागू लागली, रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप येईना, आणि टूडी इको केल्यावर हृदयाची मायट्रल झडप, म्हणजे डाव्या बाजूच्या वरच्या व खालच्या कप्प्यांमधली झडप, आकसून कडक झाली आहे व ती गळतेही आहे, असे निदान झाले. फुग्याने झडप मोकळी होण्यासारखी नाही, बदलावीच लागेल, असे सर्जननी सांगितले आणि धातूची बसवायची की टिश्यूची (जनावराच्या ऊतीपासून केलेली), हे घरी बोलून ठरवा असा निरोप दिला. वडिलांचे म्हणणे, एकदाच धातूची बसवून टाकू म्हणजे जन्माची कटकट मिटेल. आई मात्र घाबरली आहे, कारण ओळखीतल्या धातूची झडप असलेल्या एका गृहस्थांना रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद केल्यावर पक्षाघात झाला. याशिवाय भारतीय बनावटीची झडप चालेल का, पालेभाज्या सोडाव्या लागतील का, पुढे मूल होऊ देता येईल का आणि छातीतून टिकटिक ऐकू येते हे खरे का, असेही प्रश्न आहेत.

या भागात हृदयरोगाच्या रुग्णांबरोबर बरीच वर्षे घालवल्यावर माझे मत असे झाले आहे की, धातूची झडप किती वर्षे टिकते यावर घरोघरी जेवढी चर्चा होते तेवढी तिची गरज नसते. ती टिकते. चर्चा व्हायला हवी ती रोजची गोळी आणि दर महिन्याची रक्ततपासणी त्या घरात, त्या गावात, त्या माणसाच्या हातून पुढची तीस-चाळीस वर्षे सुरू राहील का, याची. बाकीची उत्तरे याच प्रश्नाशी जोडलेली आहेत.

आधी आजाराबद्दल. आपल्याकडे तरुण वयात झडप खराब होण्याचे मोठे कारण म्हणजे लहानपणी येऊन गेलेला ऱ्हुमॅटिक ताप. स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे घसा दुखतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा तर उद्या घोटा असे सांधे सुजतात, आणि महिनाभरात मूल पुन्हा खेळायला लागते. घरचे ते विसरून जातात. पुष्कळ रुग्णांना तर असा ताप आल्याचे आठवतही नाही. झडपेच्या पडद्यांवर सुरू झालेला दाह मात्र वर्षानुवर्षे आतून चालू राहतो, पडदे जाड होतात, कडांना चिकटतात आणि पुढे त्यांत कॅल्शियम साचते. निरोगी मायट्रल झडपेचे तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते. ते दीडच्या खाली आले की आजार गंभीर समजतात. मग फुप्फुसांत रक्त तुंबते आणि आडवे झाल्यावर धाप वाढते. दोन उशांची गरज पडते ती यामुळेच.

पडदे नुसते चिकटलेले असतील तर जांघेतून नळी घालून फुग्याने ते सुटे करता येतात, आणि तो उपाय शक्य असेल तेव्हा तोच पहिला. परंतु झडप मोठ्या प्रमाणात गळत असेल, तिच्यात कॅल्शियम बरेच साचले असेल किंवा डाव्या कर्णिकेत (वरच्या कप्प्यात) रक्ताची गुठळी असेल, तर फुगा धोक्याचा ठरतो. झडप दुरुस्त करण्याचा पर्यायही असतो. ऱ्हुमॅटिक झडपेत तो दरवेळी जमत नाही, तरीही ‘दुरुस्ती होण्यासारखी आहे का’ हा प्रश्न सर्जनना एकदा स्पष्टपणे विचारावा. आपल्या पत्रात दोन ठिकाणी ‘बायपास’ हा शब्द आला आहे. छाती उघडून केलेल्या प्रत्येक ऑपरेशनला आपल्याकडे बायपास म्हणतात, पण बायपास हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा असतो. सरकारी आरोग्य योजनेच्या कागदपत्रांत हा घोळ झाला तर मंजुरी अडकते, म्हणून कागदावर ‘मायट्रल व्हॉल्व्ह रिप्लेसमेंट’ असेच लिहिले आहे ना, हे पाहून घ्यावे.

विहिरीवरच्या मोटरीचा फूटव्हॉल्व्ह ज्याने पाहिला आहे त्याला हृदयाची झडप वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पाणी वर जाऊ द्यायचे, खाली परतू द्यायचे नाही, एवढेच काम. फरक असा की हृदयातली झडप दिवसाला सुमारे एक लाख वेळा उघडते आणि मिटते, आणि तिच्यातून जाणारे रक्त परक्या वस्तूला स्पर्श होताच गोठू पाहते. कृत्रिम झडपेचा सगळा इतिहास या दोन अडचणींशी झगडण्याचा आहे. १९६० साली अमेरिकेत अल्बर्ट स्टार या सर्जनने आणि लोवेल एडवर्ड्स या अभियंत्याने पिंजऱ्यात वरखाली होणारी गोळी असलेली झडप मायट्रलच्या जागी बसवली आणि ती यशस्वी ठरली. पुढे तिरकी होणारी एकच चकती असलेल्या झडपा आल्या, आणि १९७७ पासून दोन अर्धगोल पडदे असलेली झडप वापरात आली. आज जगभर बहुतेक ठिकाणी ही दोन पडद्यांचीच झडप बसवतात. तिला सर्रास ‘धातूची’ म्हणत असले तरी पडदे बहुधा पायरोलिटिक कार्बनचे असतात. हा पदार्थ अत्यंत कठीण आणि गुळगुळीत असतो आणि त्यावर रक्त तुलनेने कमी गोठते. भोवती पॉलिएस्टरच्या विणलेल्या कापडाची कडी असते. सर्जन टाके घालतात ते त्या कडीतून.

भारतीय झडपेबद्दल आपली शंका मला अनेकांकडून ऐकायला मिळते आणि तिला आधार नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली ही झडप विकसित झाली. सुरुवातीचे नमुने चाचण्यांत नापास झाले, साहित्य बदलावे लागले, आणि अखेर कोबाल्टच्या मिश्रधातूचा सांगाडा व अतिशय चिवट पॉलिएथिलीनची चकती असा मेळ जमला. ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा रुग्णाला बसवण्यात आली आणि त्यानंतर एक लाखाहून अधिक रुग्णांना बसवली गेली आहे. तिची रचना तिरक्या चकतीची आहे, दोन पडद्यांची नाही. त्यामुळे बसवताना चकतीची दिशा सर्जनना नीट साधावी लागते, पण तो त्यांच्या हातचा भाग आहे. आपल्या सर्जनचा ज्या झडपेवर हात बसलेला आहे ती झडप, असे मी सांगेन.

धातूची झडप मोडत नाही का? एका विशिष्ट प्रकारच्या ब्यॉर्क-शायली झडपेची चकती धरणारी दांडी मोडल्याच्या घटना घडल्या होत्या, आणि १९८६ मध्ये ती बाजारातून काढून घेण्यात आली. आज वापरात असलेल्या झडपांना जागतिक मानकानुसार प्रयोगशाळेत चाळीस कोटी वेळा उघडझाप करून दाखवावी लागते, म्हणजे सुमारे दहा वर्षांचे काम. प्रत्यक्षात पंचवीस-तीस वर्षांहून जुनी धातूची झडप घेऊन शेतात राबणारी माणसे आमच्या ओपीडीत येतात. धातूची झडप निकामी होते ती मोडून नव्हे. तिच्यावर रक्ताची गुठळी धरते, पडदा अडकतो, जंतुसंसर्ग होतो किंवा कडेने आत वाढलेली ऊती पडद्याच्या आड येते.

टिश्यू झडप डुकराच्या झडपेपासून किंवा गाई-म्हशीवर्गातील जनावराच्या हृदयाभोवतीच्या आवरणापासून करतात. घरात याबद्दल धार्मिक अडचण असेल तर ती संकोच न करता आधीच बोलावी. या झडपेला सुरुवातीचे साधारण तीन ते सहा महिने सोडले तर रक्त पातळ करणारी गोळी सहसा लागत नाही, हा तिचा मोठा गुण. दोष असा की ती झिजते, आणि तरुण शरीरात जास्त वेगाने झिजते. सत्तरीच्या माणसात जी झडप पंधरा वर्षे सहज काम देते तीच विशी-तिशीतल्या रुग्णात दहाच्या आतही खराब होऊ शकते, आणि मग छाती पुन्हा उघडावी लागते. जुन्या टिश्यू झडपेच्या आत नळीने नवी बसवण्याचे तंत्र आता आले आहे, परंतु त्याचा खर्च फार आहे आणि मायट्रलच्या जागी ते प्रत्येकाला लागू पडत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर आजचा निर्णय घेऊ नये. मायट्रलसाठी साधारण पासष्टीच्या आत धातूची आणि सत्तरीनंतर टिश्यूची, असा युरोपीय मार्गदर्शक सूचनांचा कल आहे. मात्र गोळी नियमित घेता येणार नसेल, रक्तस्रावाचा धोका असेल किंवा मूल हवे असेल तर वयाचा आकडा मागे पडतो, हेही त्याच सूचनांत आहे.

आता गोळीविषयी. आपल्याकडे बहुतेकांना अॅसिट्रॉम दिली जाते, काहींना वॉरफरिन. दोन्ही औषधे यकृतात व्हिटॅमिन के वापरून तयार होणाऱ्या गोठणघटकांना आवर घालतात. वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले होते आणि १९५४ पासून माणसांसाठी वापरले जाऊ लागले. मोबाइलवर हे वाचून गोळी सोडून दिलेले रुग्ण मी पाहिले आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो. या दोन गोळ्यांचे मिलिग्रॅम एकास एक नसतात. औषधाच्या दुकानात ‘ही नाही, ती घ्या’ म्हणून बदलून दिली तर घेऊ नये. अॅसिट्रॉमचा असर वॉरफरिनपेक्षा लवकर उतरतो, म्हणून तिचा एक डोस चुकला तरी त्याचा परिणाम लगेच जाणवू शकतो.

रक्त किती पातळ आहे हे पीटी-आयएनआर तपासणीवरून कळते. निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. मायट्रलच्या जागी धातूची झडप असेल तर तो साधारण २.५ ते ३.५ या दरम्यान ठेवतात. महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपेच्या जागी असेल आणि दुसरा धोका नसेल तर २ ते ३. खाली घसरला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. सुरुवातीला तपासणी वरचेवर होते, आकडा स्थिरावला की महिन्यातून एकदा. शक्यतो एकाच लॅबमध्ये करावी. रिपोर्टवर सेकंदांतला पीटी, म्हणजे रक्त गोठायला लागलेला वेळ, छापलेला असतो आणि शेजारी आयएनआर. पाहायचा तो आयएनआर, कारण सेकंद लॅबमधल्या रसायनानुसार बदलतात.

ज्यांचे चांगले चालते त्यांच्याकडे बहुधा शंभर पानी वही असते. त्यात तारीख, आयएनआर, चालू डोस आणि पुढची तारीख असे चार रकाने आखलेले असतात, आणि डोसच्या रकान्यात ‘सोम ते शुक्र दोन, शनि-रवि तीन’ असे घरातल्या शाळकरी मुलाच्या अक्षरात लिहिलेले असते. गोळी रात्री ठरलेल्या वेळी घ्यायची. सकाळी रक्त देऊन दुपारी रिपोर्ट आला की त्याच रात्रीचा डोस बदलता येतो, हा त्यामागचा हिशेब. अर्धी गोळी सांगितली असेल तर ती नखाने किंवा विळीवर न तोडता कमी ताकदीची गोळी मागून घ्यावी. अॅसिट्रॉम १, २, ३, ४ मिलिग्रॅममध्ये मिळते आणि घरात दोन ताकदींची पाकिटे असतील तर ती वेगळ्या डब्यांत ठेवावीत.

पालेभाज्या सोडू नयेत. मेथी, पालक, शेपू, चाकवत, कोथिंबीर यांत व्हिटॅमिन के भरपूर असते हे खरे, पण आकडा बिघडतो तो भाजीमुळे नाही, बदलामुळे. आठवड्यात दोन-तीनदा पालेभाजी खाणाऱ्याने तशीच खात राहावी. डोस त्या जेवणाला जुळवून ठरवला जातो. अडचण येते ती थंडीत मेथी स्वस्त झाली म्हणून रोज दोन्ही वेळ खाल्ल्यावर, किंवा नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा आणि चहावर काढल्यावर. पहिल्या प्रकारात आयएनआर खाली येतो, दुसऱ्यात वर जातो. कडक उपवास करू नये, आणि केलाच तर आधी सांगून मधेच तपासणी करावी. सांगलीची हळद आमटी-भाजीत जेवढी पडते तेवढ्याने काही होत नाही. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणि ‘रक्तशुद्धीचे’ काढे मात्र विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

भाजीपेक्षा जास्त घोटाळा इतर औषधांमुळे होतो. जुलाबावरची मेट्रोनिडाझोल, लघवीच्या संसर्गावर दिली जाणारी कोट्रायमॉक्साझोल, बुरशीवरची फ्लुकोनाझोल या गोळ्या आयएनआर झपाट्याने वाढवतात. क्षयरोगावरची रिफॅम्पिसिन तो इतका खाली आणते की डोस दुपटीहून जास्त करावा लागू शकतो आणि तिचा कोर्स संपल्यावर आठवणीने उतरवावा लागतो. अंगदुखीवर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतल्यास पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दुखण्यावर पॅरासिटामॉल घ्यावी, पण तीही रोज पूर्ण डोसने आठवडाभर घेतली तर आकडा वाढतो. गावात ताप आला की कमरेत इंजेक्शन घ्यायची सवय आहे. रक्त पातळ असताना त्या जागी स्नायूत रक्त साचून सुपारीएवढ्यापासून नारळाएवढी गाठ येऊ शकते, म्हणून सुई टोचण्याआधी ‘मला धातूची झडप आहे’ हे सांगणे रुग्णाचे काम.

हा सगळा त्रास वाचवणाऱ्या, तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या इतर हृदयरोग्यांना दिल्या जातात. धातूच्या झडपेसाठी त्या चालत नाहीत. डॅबिगाट्रानची चाचणी २०१२ मध्ये थांबवावी लागली, कारण गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. अपिक्साबानची चाचणीही २०२२ मध्ये थांबवली गेली. कोणी सोय म्हणून बदलून दिली तर घेऊ नये.

आईंनी ज्या गृहस्थांचे उदाहरण दिले तसे प्रसंग बहुतेक वेळा गोळी सोडल्यावरच घडतात. कारणे साधी असतात: बरे वाटू लागले, ऊसतोडीच्या हंगामात गाव सुटले, दात काढायचा म्हणून कोणी ‘आठवडाभर बंद ठेवा’ म्हणाले आणि पुन्हा सुरू करायचे राहून गेले. झडपेवर गुठळी धरली की धाप अचानक वाढते आणि टिकटिक बोथट होते किंवा थांबते. होय, टिकटिक खरी आहे. बारीक अंगकाठीच्या माणसाला रात्रीच्या शांततेत ती ऐकू येते, शेजारी झोपलेल्यालाही येते, आणि काही महिन्यांत सवय होते. ती नेहमीसारखी येत नाही असे जाणवले तर त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात जावे, सकाळची वाट पाहू नये. इकोमध्ये आणि एक्स-रेच्या पडद्यावर झडप अडकली आहे का हे दिसते, आणि वेळेत पोहोचल्यास गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन किंवा तातडीचे ऑपरेशन करता येते. तोंड वाकडे होणे, हातातली शक्ती जाणे, काळे शौच, डोक्याला मार लागणे, यांतले काहीही झाले तरी तसेच. डोक्याला मार लागल्यावर माणूस ठीक दिसत असला तरीही.

आपल्या बहिणीच्या बाबतीत सगळ्यांत कठीण भाग मुलाचा आहे. या गोळ्या वारेतून गर्भापर्यंत जातात, आणि सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाच्या नाकाच्या व हाडांच्या वाढीत व्यंग येऊ शकते. पुढेही गर्भपाताचा व बाळाच्या मेंदूत रक्तस्रावाचा धोका राहतो. डोस कमी असेल, वॉरफरिन दिवसाला ५ मिलिग्रॅमपर्यंत, तर धोका कमी असतो, पण शून्य नसतो. गोळीऐवजी हेपॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या दुसऱ्या औषधाची इंजेक्शने दिली तर बाळ सुरक्षित राहते, परंतु आईच्या झडपेवर गुठळी धरण्याची शक्यता वाढते. साधारण ३६व्या आठवड्यापासून तर बाळंतपणासाठी हेपॅरिनवर आणावेच लागते. धातूची झडप असताना सुखरूप बाळंतपणे होतात. त्यासाठी गर्भ राहण्याआधीच हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी मिळून आखणी करावी लागते, पाळी चुकल्याच्या आठवड्यातच दाखवावे लागते, आणि बाळंतपण तालुक्याच्या गावी करता येत नाही. मूल नको असेल तेव्हा इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळाव्यात, कारण त्या गुठळीला मदत करतात. पाळीत रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून हिमोग्लोबिनही अधूनमधून पाहावे.

म्हणून माझा सल्ला असा. दुसरे मूल येत्या तीन-चार वर्षांत हवेच असेल आणि पुढे दुसऱ्या ऑपरेशनची तयारी असेल, तर टिश्यू झडपेचा विचार खरोखर करावा. पण आधी इसीजीत एट्रियल फिब्रिलेशन आहे का, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित झाले आहेत का, हे सर्जनना विचारावे. ते असेल तर टिश्यू झडप बसवूनही रक्त पातळ करणारे औषध बहुधा चालूच राहील, आणि त्या झडपेचा मुख्य फायदाच उरणार नाही. मूल नको असेल, तासगावात किंवा सांगलीत तपासणीला नेणारे माणूस घरात असेल आणि तिला स्वतःला ती वही सांभाळणे जमणार असेल, तर २९व्या वर्षी मी धातूची झडप सुचवेन. आपल्या पत्रात वडिलांचे मत आहे, आईचे आहे, आपले आहे. तिचे काय म्हणणे आहे ते कुठेच आलेले नाही. गोळी तिला घ्यायची आहे आणि मूल तिला व्हायचे आहे, तेव्हा पुढच्या भेटीला सर्जनशी तिलाच बोलू द्यावे.

खर्चाबाबत थोडक्यात. झडप बदलण्याची शस्त्रक्रिया महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते. सांगली, मिरज, कऱ्हाड, कोल्हापूर यांपैकी जिथे करायची तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी भेटावे. ऑपरेशननंतरच्या गोळ्या आणि दर महिन्याची तपासणी मात्र घरच्या खिशातून होणार, असे धरूनच चालावे.

दोन गोष्टी ऑपरेशनच्या धामधुमीत राहून जातात. झडप बदलली म्हणजे ऱ्हुमॅटिक ताप संपला असे नाही. उरलेल्या झडपांसाठी पेनिसिलिन चालू ठेवावे लागते. तीन आठवड्यांनी घ्यायचे ते इंजेक्शन स्नायूतलेच असते, त्यामुळे आयएनआर पाहून आणि जागा बराच वेळ दाबून धरून ते द्यायचे की रोजच्या पेनिसिलिनच्या गोळ्यांवर जायचे, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. दुसरी गोष्ट दातांची. किडक्या दातांतून रक्तात गेलेले जंतू कृत्रिम झडपेवर घर करतात आणि तो संसर्ग बरा करणे फार अवघड असते. झडप बसल्यावर दात काढताना आधी अँटिबायोटिकचा डोस घ्यावा लागेल आणि रक्तस्रावही सांभाळावा लागेल. म्हणून ऑपरेशनची तारीख घेण्यापूर्वीच बहिणीला दंतवैद्याकडे नेऊन जे दात काढायचे किंवा भरायचे असतील ते करून घ्यावेत, आणि हृदयाचा आजार आहे हे तिथेही आधीच सांगावे.